वर दिलेला कंडेन्सर

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "अक्का, तुमच्या संघर्षाबद्दल लिहा." मी विचारलं, "कोणाशी केलेल्या?" ते म्हणाले, "सर्वसाधारण."

सर्वसाधारण संघर्षाचा मला अनुभव नाही. मी भांडले ती नावानिशी आणि समोरच्याचा चहा निवायच्या आत. निपाणीहून लग्न होऊन बंगळूरला आले, कानडी बोलता यायचं पण लिहिता येत नव्हतं, हातात भांडवल नव्हतं, हा मजकूर ज्यांना हवा असेल त्यांनी तो अंकातल्या दुसऱ्या कुठल्याही लेखातून घ्यावा. तो सगळीकडे सारखाच असतो. मी रिॲक्टन्सवर लिहिणार आहे. कारण या शहरात एका शिकलेल्या माणसाने अकरा पानी अहवालात, इंग्रजीत, लिहून ठेवलं आहे की मला रिॲक्टन्स कळत नाही.

माझं दुकान चिकपेटच्या मागच्या गल्लीत आहे. जळालेल्या मोटरी आमच्याकडे येतात. आतलं काळं पडलेलं वाइंडिंग कापून काढायचं, तांब्याच्या तारेचे नवे वेढे मोजून गुंडाळायचे, खाचांत बसवायचे, वर वार्निश द्यायचं. जोडीला स्टार्टर, स्विच आणि कंडेन्सर यांची विक्री. पुस्तकात त्याला कपॅसिटर म्हणतात. आमच्या गल्लीत कपॅसिटर मागणाऱ्याला आम्ही आधी खुर्ची देतो आणि मग भाव वाढवून सांगतो.

तर रिॲक्टन्स म्हणजे काय? माझ्या शेजारी साड्यांचं दुकान आहे. तिथे दोन जातींची गिऱ्हाइकं येतात. एक बाई येते, साडी निवडते, घेऊन जाते. माल गेला, काम झालं. इस्त्री, हीटर, जुना पिवळा बल्ब ही अशी सरळ गिऱ्हाइकं. त्यांनी घेतलेली वीज परत येत नाही. तिची ऊब होते, उजेड होतो. याला रेझिस्टन्स म्हणतात. दुसरी बाई येते आणि चाळीस साड्या उलगडायला लावते. काठ बघते, पदर बघते, खांद्यावर टाकून बघते आणि चाळीसच्या चाळीस परत करते. दुकानातला एक धागाही कमी झालेला नसतो. पण हमालाने ते गठ्ठे तिसऱ्या मजल्यावरच्या गोदामातून आणलेले असतात आणि परत न्यायचे असतात. जिना अडतो. ज्यांना खरंच साडी घ्यायची आहे त्या खाली ताटकळतात. ही दुसरी बाई म्हणजे रिॲक्टन्स. घ्यायचं आणि परत द्यायचं, घ्यायचं आणि परत द्यायचं.

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, म्हणून हा खेळ चालतो. तारेच्या वेढ्यांना बदल खपत नाही. प्रवाह वाढू लागला की ते अडवतात, कमी होऊ लागला की सोडत नाहीत. त्यामुळे व्होल्टेज पुढे जातं आणि प्रवाह मागून येतो. कंडेन्सरचा स्वभाव बरोबर उलटा. तिथे प्रवाह आधी पोचतो आणि व्होल्टेज मागून. म्हणजे वेढे मागतात तेव्हा कंडेन्सर देण्याच्या तयारीत असतो आणि वेढे परत करतात तेव्हा तो घ्यायला बसलेला असतो. साडीच्या दुकानात काउंटरशेजारी एक मांडणी ठेवली तर काय होईल? त्या बाईच्या साड्या ती आणि मांडणी यांच्यातच फिरतील, गोदामाचा जिना मोकळा राहील. कारखानदाराने जिना अडवला की वीज कंपनी दंड लावते. म्हणून आमचा कंडेन्सर खपतो.

घरात त्याचा उपयोग नाही. घरचा मीटर विकल्या गेलेल्या साड्याच मोजतो, उलगडलेल्या मोजत नाही. हे मी कोरमंगलाच्या एका तरुण कंपनीवाल्याला समजावून सांगितलं. तो वीज वाचवणारी डबी शोधत होता, भिंतीत खोचली की बिल निम्मं होणारी. मी म्हटलं, "आत एक छोटा कंडेन्सर आणि एक हिरवा दिवा असतो. दिवा तेवढा खरा." तो हसला. म्हणाला, "आंटी, यू आर अगेन्स्ट इनोव्हेशन." त्याने ती डबी ऑनलाइन मागवली. पुढे त्याच्या पाण्याच्या पंपाची मोटर माझ्याकडे आली तेव्हा मी डबीची चौकशी केली. म्हणाला, दिवा छान लागतो.

दुसरा एक इंजिनीयर मी गुंडाळलेली मोटर परत घेऊन आला. हातात मीटर. "मॅडम, दोन ओहम दाखवतंय. चारशे पंधरा भागिले दोन केलं तर दोनशे अँपिअर. तुम्ही तार कमी घातली."

मी म्हटलं, "तुमच्या मीटरमध्ये बॅटरी आहे. बॅटरीची वीज हेलकावत नाही. तिला वेढे दिसत नाहीत, नुसती तार दिसते."

"पण गणित..."

मी मोटर जोडली आणि चालू केली. तारेभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरवर चार अँपिअर आले. तो मीटरवर वाकला आणि म्हणाला, "मग बाकीचा करंट गेला कुठे?"

"आलाच नाही. वेढ्यांनी दारातच थांबवला."

हे सांगायचं कारण एवढंच की वेढा मी हाताने ओळखते. डोळे मिटून बोटांत तार धरली तर जाडी सांगते. कंडेन्सर मात्र मी कधी बनवला नाही. तो डब्यात बंद येतो. त्याचा मला भाव माहीत होता.

आता नागराजण्णांची गोष्ट. के. आर. पुरमला त्यांची मोठी लाँड्री आहे. कोरमंगलाच्या पीजी हॉस्टेलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी, टॉवेल तिथे धुवायला येतात. धुतलेले कपडे पिळायला एक लोखंडी ड्रम आहे, रांजणाएवढा, जड, मोटरवर गरगर फिरणारा. वीज बंद केली तरी तो कितीतरी वेळ फिरत राहतो. वीज कंपनीचं दंडाचं पत्र घेऊन नागराजण्णा माझ्याकडे आले. त्यांच्याबरोबर त्यांचा वायरमन मंजप्पा होता. पन्नाशीचा, कमी बोलणारा, स्क्रू ड्रायव्हर शर्टाच्या खिशात पेनसारखा लावणारा.

ड्रमच्या मोटरला जो कंडेन्सर लागत होता तो मी काढून ठेवला आणि भाव सांगितला. नागराजण्णांनी निम्मा सांगितला. मी कंडेन्सर परत फळीवर ठेवला. ते उठले. मी जाऊ दिलं. ते कोपऱ्यावरून परत आले. असा आमचा तासभर गेला. माझा एक नियम आहे: भाव मोडायचा नाही, वर काहीतरी द्यायचं. आज भाव मोडला तर उद्या सगळ्या गल्लीत तोच भाव होतो. वर दिलेलं मात्र कोणी कुठे सांगत नाही. भाजीवाली कोथिंबीर टाकते ती काही मूर्ख म्हणून नाही.

फळीवर तसलाच एक कंडेन्सर बरेच दिवस पडून होता. मी तो उचलून शेजारी ठेवला. "भाव तोच. हा वर."

नागराजण्णांचा चेहरा उजळला. "सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत ठीक आहे. फुकट मिळालेली वस्तू न वापरता ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं.

मंजप्पाने विचारलं, "अक्का, दोन्ही जोडायचे? मोटर तर एकच आहे."

"जोड. जास्त झालं तर बरंच आहे."

हे वाक्य मी धण्याच्या पुडीबद्दल म्हणावं तसं म्हटलं. मंजप्पाने दोन्ही कंडेन्सर मोटरलाच जोडले, स्टार्टरच्या म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीच्या पलीकडे, मी सांगितलं तसे.

काही महिने छान गेले. मग एका दुपारी स्टार्टरमधून जळका वास आला. ड्रम भरधाव होता, नागराजण्णा दारातून ओरडत होते, टेम्पो कोरमंगलाला निघायचा होता. मंजप्पाने मेन स्विचचा दांडा खाली ओढला, स्टार्टरचं झाकण उघडलं आणि आत हात घातला. त्याला झटका बसला आणि तो ओल्या फरशीवर फेकला गेला. वाचला. पण उजव्या हाताची दोन बोटं भाजली ती कायमची आखडली.

तो शुद्धीवर आल्यावर एकच सांगत होता, "मेन ओढला होता. मी ओढला होता." आणि समोर वाफेच्या इस्त्र्या चालवणाऱ्या बायका सांगत होत्या, "ओढला असता तर दिवे गेले असते. दिवे तर चालू होते." मेन एका टोकाला, दिवे दुसऱ्या टोकाला, मंजप्पाची पाठ दिव्यांकडे. त्याला उचलायच्या धांदलीत दांड्याला कोणाकोणाचे हात लागले हे कोणीच सांगू शकत नव्हतं. नागराजण्णांचं म्हणणं पडलं की हा बेफिकीर आहे, नाहीतर प्यायलेला होता.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, "अक्का, तुम्ही तीस वर्षं या धंद्यात आहात. मेन खाली ओढलेला असताना मोटरला करंट येईल का?"

मंजप्पा हाताला पट्टी बांधून भिंतीशी उभा होता. माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "नाही."

वर आणखी म्हटलं, "कंडेन्सरमध्ये थोडा उरतो, पण तो चिमटा काढेल. माणूस फेकणार नाही."

मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. पण हेही लिहायला हवं की त्या प्रश्नात माझा माल होता आणि माल मी विचार न करता वाचवते. मंजप्पाची नोकरी त्या दिवशी गेली. आमच्या धंद्यात बातमीला पाय असतात. चालू लाइनवर हात घालून वर खोटं बोलणारा वायरमन, अशी त्याची ओळख झाली आणि त्याला कोणी कामाला बोलवेना.

नवा वायरमन आला. आता एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. ड्रम फिरत असताना मेन ओढला की दुसऱ्या दिवशी दोन-तीन बल्ब गेलेले. नागराजण्णांनी सल्लागार गाठला. सरदेशमुख नावाचे, पुण्याचे, कोट घालून लाँड्रीत येणारे गृहस्थ. त्यांनी चार दिवस यंत्रं लावून अकरा पानं लिहिली. शेवटच्या पानावर ते वाक्य होतं: पुरवठादाराला रिॲक्टन्सची मूलभूत समज नाही.

नागराजण्णांनी ते पान मला फोनवर वाचून दाखवलं, दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांना मजा आली होती. मी रिक्षाने के. आर. पुरम गाठलं. सरदेशमुख तिथेच होते. मी मराठी बोलते म्हटल्यावर त्यांना आनंद झाला. तो फार टिकला नाही.

"मॅडम, पर्सनली घेऊ नका. बेसिकली ओव्हर-कॉम्पेन्सेशन झालंय."

"किती मोटरी गुंडाळल्यात आजवर?"

"आय मीन, ते माझं काम नाही ना."

"मग मला वेढा शिकवू नका."

"वेढ्याचा प्रॉब्लेमच नाहीये. कपॅसिटर डबल आहे. तुम्ही सप्लाय काढला तरी मोटर स्वतः जनरेट करतेय."

"मेन ओढल्यावर?"

"मेन ओढल्यावर."

मी म्हटलं, "चला, दाखवते." मला त्यांना खोटं पाडायचं होतं. इस्त्रीवाल्या बायकांना थांबायला सांगितलं, नागराजण्णांना उभं केलं. ड्रम पूर्ण वेगात आला. इस्त्रीच्या टेबलांवर डाग दिसावेत म्हणून लावलेले पिवळे बल्ब जळत होते. मी माझ्या हाताने मेनचा दांडा खाली ओढला आणि धरून ठेवला.

बल्ब गेले नाहीत. जास्त उजळले. इतके की टेबलावरच्या चादरी पांढऱ्याफेक दिसायला लागल्या. एक बल्ब फटकन फुटला. मी मनात आकडे मोजत होते. ड्रम मंदावला तसा उजेड किंचित उतरला आणि मग सगळे दिवे एकदम गेले. दांडा माझ्या हातात खालीच होता.

अंधारात एक बाई हळूच म्हणाली, "त्या दिवशीही असेच होते. जास्त लख्ख."

झालं होतं ते असं. गोदामाला कुलूप लागलं होतं, पण मी काउंटरशेजारी एवढी मोठी मांडणी ठेवली होती की तिच्यातला आणि त्या बाईमधला साड्यांचा खेळ कुलपानंतरही चालू राहिला. ड्रमच्या वजनाने मोटर फिरत होती, कंडेन्सर तिला हवं ते पुरवत होता आणि मोटरचं जनित्र झालं होतं. स्टार्टरही त्याच विजेवर चिकटून बसला होता, सुटत नव्हता, म्हणून मोटरची वीज त्याच्यातून उलटी दिव्यांपर्यंत जात होती. एकच कंडेन्सर असता तर हे घडलं नसतं. वर दिलेल्या कंडेन्सरने मंजप्पाची बोटं नेली.

सरदेशमुख म्हणाले, "एक्झॅक्टली ॲज पर माय रिपोर्ट."

मी विचारलं, "रिपोर्टात मंजप्पाचं नाव कुठे आहे?"

"कोण मंजप्पा?"

"ज्याला करंट लागला तो. तो खरं बोलत होता, असं तुमच्या अकरा पानांत कुठे लिहिलंय?"

त्यांनी खरंच पानं चाळली. "ॲक्च्युअली, तो स्कोपमध्ये नव्हता."

त्यांच्यावर माझा राग आहे तो यासाठी. माझ्याबद्दलचं वाक्य खरं होतं, ते मी गिळलं. हल्ली ते परिसंवादांत माझा किस्सा सांगतात म्हणे, नाव न घेता, आणि लोक हसतात. तेही चालेल. पण ज्या माणसाने सत्य शोधायला चार दिवस लावले त्याला त्या सत्याची गरज कोणाला आहे हे विचारावंसं वाटलं नाही. आणि नागराजण्णा? ते म्हणाले, "अक्का, आता तो फुकटचा काढून घेणार, तर त्याच्या बदली दुसरं काय देणार?"

मंजप्पा रेल्वे स्टेशनच्या मागे एका खोलीत राहत होता. मी गेले तेव्हा तो डाव्या हाताने मिक्सरची दुरुस्ती करत होता. मी काय घडलं ते सांगितलं. तो ऐकत राहिला, स्क्रू फिरवत राहिला.

"मी म्हणालो होतो," एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, "माझ्या दुकानात ये. उद्यापासून."

"तुमच्याकडे आलो तर लोक म्हणतील, अक्काने दया केली. मला माझ्याच जागी जायचंय."

"मग नागराजण्णांना मी सांगते. गल्लीत दहा जणांना सांगते."

"तोंडी नको. 'नाही' तुम्ही तोंडी म्हणालात, ते दोन दिवसांत येलहंकापर्यंत गेलं. 'हो' तेवढ्या लवकर जात नाही. कागद द्या. कानडीत."

मी आयुष्यात स्वतःविरुद्ध कागद दिलेला नव्हता. मी त्याला बरंच समजावलं. तो मिक्सरचं झाकण लावत बसला. शेवटी मी लिहायला घेतलं. माझं कानडी अक्षर दुसरीतल्या मुलीचं आहे. लिहिलं की दोन कंडेन्सर मी दिले, दोन्ही जोडायला मी सांगितलं, आणि मेन बंद असतानाही मोटरला वीज येऊ शकते हे मला बहुधा माहीत नव्हतं.

त्याने वाचलं. "'बहुधा' काढा."

"का? बरं दिसतं."

"माहीत होतं का तुम्हाला?"

"नाही."

"मग काढा."

मी खोडलं. पुढे होतं, "त्यामुळे मंजप्पा यांना इजा झाली असावी." त्याने आखडलेलं बोट त्या शेवटच्या शब्दावर ठेवलं आणि हलवलं नाही.

मी म्हटलं, "मंजप्पा, एवढा एक राहू दे. स्वल्प."

"अक्का, माझ्याकडे वर द्यायला काही नाही. झाली म्हणून लिहा."

मी 'असावी' खोडलं. सही केली.

तो कागद घेऊन तो आधी नागराजण्णांकडे गेला नाही. आधी इस्त्रीवाल्या बायकांना वाचून दाखवला, मग नव्या वायरमनला, मग टेम्पोवाल्याला. नागराजण्णांपर्यंत पोचला तेव्हा सगळ्या लाँड्रीला तो पाठ होता आणि मालकाला 'सरी' म्हणण्यावाचून इलाज नव्हता. मंजप्पा कामावर परत लागला. बोटं परत आली नाहीत. तो आता डाव्या हाताने काम करतो आणि मेन ओढल्यावर ड्रम पूर्ण थांबेपर्यंत झाकणाला हात लावत नाही, मालक कितीही ओरडला तरी. मीही आता मोटरच्या पाटीवरचे आकडे वाचल्याशिवाय कंडेन्सर देत नाही. वर द्यायचं झालं तर इन्सुलेशन टेपची रिळं देते.

कागद मंजप्पाने प्लास्टिकमध्ये बंद करून मेन स्विचच्या शेजारी ठोकला आहे. लाँड्रीत येणारा प्रत्येक ठेकेदार तो वाचतो, त्यात माझीही गिऱ्हाइकं असतात. तीन तुटली. मी एकदा मंजप्पाला म्हटलं, आता पुरे, उतरव, ड्रमची मोटर पुढच्या खेपेला निम्म्या भावात गुंडाळून देते. तो म्हणाला, "मोटर मालकाची आहे, तो भाव त्यांच्याशी करा. कागद माझा आहे."

संपादकांनी लेखासोबत माझा सत्काराचा फोटो मागितला आहे. तसा माझ्याकडे नाही. या शहरात भिंतीवर लागलेली माझी सही एकच. मी मंजप्पाला तिचा फोटो मागितला. त्याने काढून पाठवला आणि अट घातली की छापायचा तर पूर्ण छापा, खोडलेले दोन शब्द दिसले पाहिजेत. मी घासाघीस केली नाही.